डागाला तारीख असते

मंडळी, आजचा विषय जरा चमत्कारिक वाटेल. काँक्रीटवरचे डाग! आणि तेही खऱ्याखुऱ्या भिंतीवरचे नव्हेत, तर वीतभर उंचीच्या खोट्या भिंतीवर ब्रशने काढलेले. आमच्या घरातले काही जण हे वाचून म्हणतील, "आता हिला म्हातारपणी हे कुठलं खूळ लागलं?" म्हणोत बापडे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठे सनावळीचा प्रश्न दिसला की माझे कान टवकारतात. आणि या डागांमध्ये सनावळी अगदी ठासून भरलेली आहे.

आधी हा छंद काय आहे ते सांगते. गणपतीपुढे आपण देखावे करतो ना, तसे छोटे देखावे जगभरातली हौशी मंडळी बारा महिने करत असतात. रणगाडे, सैनिक, आगगाड्या, पूल, पडकी घरं, सगळं ठरावीक प्रमाणात लहान केलेलं. १:७२ हे त्यातलं एक लोकप्रिय प्रमाण. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस होतो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. त्या माणसाच्या पायाखाली जी छोटी चकती असते, तिच्यावरसुद्धा माती, गवत, फुटलेला रस्ता असं सगळं करायचं. आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला कुठलाही देखावा करायचा म्हटलं की काँक्रीट आलंच.

पूर्वी अशी मॉडेलं नवीकोरी, चकचकीत असत. ती वापरातली, पावसापाण्याने मळलेली दिसावीत हा विचार ज्यांनी रुजवला त्यांत अमेरिकेतल्या जॉन ॲलन यांचं नाव आदराने घेतात. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे घराच्या तळघरात त्यांनी डोंगरदऱ्यांसकट एक आख्खी छोटी रेल्वे उभारली होती. इंजिनांवर काजळी, शेडच्या पत्र्यांवर गंज, लाकडावर ऊन-पावसाच्या खुणा. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच आग लागून ती रेल्वे जवळजवळ सगळी जळून गेली. राहिली ती छायाचित्रं. पुढे १९७०च्या दशकात शेपर्ड पेन या अमेरिकन कलाकाराच्या देखाव्यांची पत्रकं मोनोग्राम कंपनीच्या मॉडेलांच्या खोक्यांतून घरोघर गेली, आणि बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी रणगाड्यांची, पडक्या भिंतींची रंगवण्याची पद्धत लोकप्रिय केली. मळलेलं तेच खरं, असं मग या छंदात जणू ठरूनच गेलं.

आता काँक्रीट कसं रंगवतात ते पाहू. कोणी म्हणेल, त्यात काय, करडा रंग फासला की झालं. पण तसं केलं तर भिंत काँक्रीटची न दिसता करड्या प्लास्टिकची दिसते. खरं काँक्रीट नुसतं करडं नसतंच. त्यात वाळूचा पिवळसरपणा असतो, सिमेंटचा किंचित हिरवट किंवा निळसर रंग असतो, आणि एकाच भिंतीवर दोन दिवस ओतलेल्या मालाच्या दोन छटा दिसतात. म्हणून करड्यात थोडा मातकट पिवळा मिसळून पहिला हात देतात. त्यावर जागोजागी थोड्या फिक्या, थोड्या गडद रंगाचे ठिपके स्पंजने टिपतात. मग अगदी पातळ केलेला काळपट तपकिरी रंग फिरवतात, तो भेगांत आणि खळग्यांत जाऊन बसतो. तो वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरच्यावर घासतात, म्हणजे कडा उठून दिसतात. आणि शेवटी ओघळ. तैलरंगाचा एक बारीक ठिपका भिंतीच्या वरच्या कडेला ठेवायचा आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवून टिपलेल्या ब्रशने तो सरळ खाली ओढायचा. झाला गंजाचा ओघळ!

प्रमाणाचं भानही ठेवावं लागतं. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या फळ्या लावतात, त्यांचे ठसे काँक्रीटवर उमटलेले तुम्ही पाहिले असतील. सहा इंची फळीचा ठसा १:७२ मध्ये फक्त दोन मिलिमीटर रुंद होतो. आणि भिंत खरखरीत दिसावी म्हणून रंगात मिसळलेला वाळूचा मिलिमीटरभर कण तिथे सात सेंटिमीटरचा धोंडा होऊन बसतो. म्हणून वाळूपेक्षा प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा बारीक चाळलेली पूड बरी.

हे झालं हाताचं काम. पण डाग कुठे काढायचा, हे कळायला खरा डाग कसा पडतो ते माहीत हवं. आणि इथून ही गोष्ट मला आवडू लागली.

काँक्रीटमधल्या सिमेंटमुळे आतलं पाणी चुन्यासारखं अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पण बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि हा गुण कमी कमी करत नेतो. हा बदल सळईपर्यंत पोचला की तिचं संरक्षण गेलं. मग ओल आणि हवा मिळाली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीटचे पोपडे सुटतात. मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायची गरज नाही. खाऱ्या हवेतले क्षार हेच काम फार लवकर उरकतात. पांढरे ओघळ येतात ते काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेत सुकल्यामुळे. काळे पट्टे येतात ते जिथून पावसाचं पाणी नेहमी वाहतं तिथे, धूळ आणि शेवाळ धरल्यामुळे. आणि नारिंगी-पिवळे गोल ठिपके दिसतात ते दगडफुलाचे. त्याच्या वाढीचा वेग इतका सावकाश की वर्षभराने पाहिलं तरी फरक कळू नये.

म्हणजे प्रत्येक डागाला एक कारण असतं, एक जागा असते आणि एक मुदत असते. छज्जाच्या खाली पाऊस लागत नाही, तिथे ओघळ काढायचा नाही. लोखंडाचा आकडा नसेल तर गंज काढायचा नाही. आणि जिथे तेवढी वर्षं लोटलेलीच नाहीत, तिथे जुनेपणा काढायचा नाही. का, कुठे आणि केव्हा! इतिहासाच्या पेपरातले हेच तर प्रश्न.

माझा नातू पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला हा नाद कॉलेजात लागला. गेल्या वर्षी त्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या लाँग-स्यूर-मेर इथल्या जर्मन तोफखान्यातला एक बंकर केला. काम सुरेख होतं. कडेला फुटलेलं काँक्रीट, वाकलेल्या सळया, वरच्या आकड्यांपासून खाली उतरलेले तांबूस ओघळ, पायथ्याशी शेवाळ, भिंतीवर दगडफूल. आजूबाजूला अडीच सेंटिमीटरचे जर्मन सैनिक. मी विचारलं, "हे कुठल्या दिवसाचं दृश्य रे?"

"सहा जून एकोणीसशे चव्वेचाळीस, आजी. डी-डेची सकाळ."

"आणि हा बंकर बांधला कधी?"

त्याने शोधून पाहिलं. काम सुरू झालं सप्टेंबर १९४३ मध्ये आणि बंकर तयार झाले एप्रिल १९४४ च्या सुमारास. म्हणजे त्या सकाळी त्या काँक्रीटचं वय होतं जेमतेम दोन महिने! नातू थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी जे रंगवलंय, ते ऐंशी वर्षांनंतरचं आहे."

त्याने समोर ठेवलेले फोटो सगळे हल्लीच्या पर्यटकांनी काढलेले. लाँगच्या तोफखान्यात चार बंकर आणि त्यांत १५० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. पुढे कड्याच्या टोकाशी नेमबाजीचं ठाणं. मित्रराष्ट्रांच्या सैन्याला ज्यांची सांकेतिक नावं ओमाहा आणि गोल्ड होती, त्या दोन किनाऱ्यांच्या मधोमध ही जागा. ६ जूनला या तोफांनी समुद्रातल्या जहाजांवर मारा केला, 'एच.एम.एस. एजॅक्स'सारख्या युद्धनौकांनी उलट मारा केला, आणि ७ जूनला इथल्या तुकडीने ब्रिटिशांपुढे शरणागती पत्करली. मूळच्या तोफा अजून तिथेच आहेत, म्हणून आज लोक तिथे गर्दी करतात आणि फोटो काढतात. त्या फोटोंत दिसतो तो आजचा बंकर. लढाई पाहिलेला बंकर वेगळा होता.

कसा असेल तो? फळ्यांचे ठसे कोरे, धारदार. कडा शाबूत. रंग आजच्यापेक्षा उजळ, पिवळसर छटेचा. आजूबाजूला ताजी उकरलेली माती. अशा बंकरांवर विमानातून दिसू नयेत म्हणून रंगाचे पट्टे ओढत, जाळ्या टाकत, छपरावर माती घालून गवत लावत. किनाऱ्यावरच्या काही बंकरांवर तर खोट्या खिडक्या आणि पडदे रंगवून ते घरासारखे दाखवले होते. बाँब आणि तोफगोळ्यांनी फुटलेली जागा असेल, पण ती आतून स्वच्छ, पांढुरकी, खडी दिसणारी. उघडी पडलेली सळई समुद्राच्या हवेत थोड्या दिवसांत तांबूस होईलही, पण तिचे लांबलचक ओघळ भिंतीवर उतरायला बरेच पावसाळे जावे लागतात. आणि दगडफूल तर नाहीच नाही.

आता कोणी विचारेल, एवढी चिकित्सा कशाला? देखावा छान दिसला म्हणजे झालं. नातवानेही तोच मुद्दा काढला. "आजी, नवीन काँक्रीट रंगवलं तर बघणाऱ्याला ते अर्धवट वाटतं. जुनं असलं की खरं वाटतं." त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आपल्या डोळ्यांना भूतकाळ म्हटला की जीर्ण, काळवंडलेला, शेवाळलेलाच दिसायची सवय झाली आहे. पॉल व्हिरिलिओ नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९५८ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे हे बंकर हिंडून हिंडून टिपले आणि १९७५ मध्ये त्यावर प्रदर्शन आणि पुस्तक केलं. त्याला ते बंकर पाहून प्राचीन लोकांच्या थडग्यांची, पिरॅमिडच्या आधीच्या इजिप्तमधल्या मस्तबांची आठवण झाली. वाळूत कललेले, ओसाड, जणू हजारो वर्षांचे. पाहणाऱ्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण मला तिथेच धोका दिसतो.

कारण जी वस्तू पुरातन दिसते, ती कोणी बांधली हा प्रश्न आपण विचारत नाही. ती जणू तिथे होतीच असं वाटतं. ओलं, कोरं काँक्रीट मात्र लगेच विचारायला लावतं: अरे, हे कालपरवाच कोणीतरी ओतलंय. कोणी?

हिटलरने २३ मार्च १९४२ च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची ही योजना मार्गी लावली. नॉर्वेपासून फ्रान्स-स्पेनच्या सीमेपर्यंत हजारो बंकर. 'अटलांटिक वॉल' हे तिचं नाव. ओतलेलं काँक्रीट एक कोटी घनमीटरहून अधिक. १९४३ च्या अखेरीस रोमेल पाहणीला आला आणि कामाची घाई आणखी वाढली. नेहमीच्या बंकरच्या भिंती दोन मीटर जाडीच्या, महत्त्वाच्या बंकरच्या साडेतीन मीटरच्या. अशा भिंतीत सांधा राहिला तर तिथून ती फुटते, म्हणून एकदा ओतायला सुरुवात केली की रात्रंदिवस काम चालू ठेवायचं. आपल्या घराच्या स्लॅबच्या दिवशी किती धावपळ असते ते आठवा, आणि मग दोन मीटर जाडीचा विचार करा.

हे काम 'ऑर्गनायझेशन टोट' या संस्थेकडे होतं. तिच्या हाताखाली काही मजूर पगारावर आलेले होते, फ्रान्समधल्या ठेकेदारांनीही कामं घेतली होती. पण फार मोठा भाग सक्तीने आणलेल्या माणसांचा होता. फ्रान्समध्ये १६ फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने तरुणांवर सक्तीची मजुरी लादली गेली. त्याखेरीज स्पेनच्या यादवी युद्धात हरून फ्रान्समध्ये आलेले निर्वासित, सोव्हिएत युद्धकैदी आणि पूर्व युरोपातून धरून आणलेली माणसं, ज्यू कैदी. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ अल्डर्नी नावाचं एक चिमुकलं बेट आहे, ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतलं, पण १९४० ते १९४५ जर्मनांच्या ताब्यात असलेलं. तिथे या मजुरांच्या छावण्या होत्या. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने मे २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात या बेटावर मेलेल्या कैद्यांचा आणि मजुरांचा आकडा बहुधा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान असावा असं म्हटलं आहे. बेट किती लांब? जेमतेम पाच-सहा किलोमीटर. ऐंशी वर्षांनी आकडा मिळतो, तोही 'बहुधा' आणि 'दरम्यान'.

म्हणून म्हणते, कोरं काँक्रीट रंगवण्यात अर्थ आहे. त्यावरचे फळ्यांचे ठसे म्हणजे त्या फळ्या ठोकणाऱ्या माणसांचे ठसे. त्यावर आपण ऐंशी वर्षांचं शेवाळ चढवलं की ते हात त्याखाली झाकले जातात. जुनेपणा रंगवू नये असं नाही. खुशाल रंगवावा. पण मग आजूबाजूला जर्मन सैनिक न ठेवता कॅमेरे गळ्यात अडकवलेले पर्यटक ठेवावेत! नातवाने शेवटी दोन बंकर केले. एक १९४४ चा, कोरा, रंगाचे पट्टे ओढलेला, बाजूला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि फळ्यांचा ढीग. दुसरा आजचा, गंजलेला, समोर एक आजीबाई आणि तिचा हात धरलेला मुलगा. आजीबाईंना त्याने नऊवारी नेसवलं आहे. मी कधी नऊवारी नेसत नाही, पण असो.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. योगायोग असा की ६ जून ही तारीख आपल्यालाही चांगली पाठ आहे. ६ जून १६७४, रायगड, शिवराज्याभिषेक. त्या दिवसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा बरं. तुमच्या चित्रातला रायगड कसा दिसतो? बहुतेकांच्या मनात काळवंडलेले बुरूज, दगडांच्या सांध्यांतून उगवलेलं गवत, पडक्या भिंती येतात. पण तो आपला सहलीचा रायगड. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागून वाडे जळाले, आणि त्यानंतर दोनशेहून जास्त पावसाळे त्याने सोसले. राज्याभिषेकाच्या दिवशी मात्र ती हिरोजी इंदुलकरांनी नुकतीच उभी केलेली राजधानी होती. ताजा घडवलेला आपला काळा पाषाण निळसर-करडा दिसतो, चुन्याचे दर्जे पांढरे असतात. पाथरवटांच्या छिन्नीचे घाव अजून ताजे असतील. ती एका नव्या राज्याची नवी राजधानी होती. तिला आपण भग्न करून पाहिलं, तर त्या दिवसाचा उत्साहच आपल्याला कळणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर प्रत्येक पोर हा छंद करतंच की. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? पोती, विटा, चिखल, वर अळीव पेरलेलं, गेरूचे रस्ते आणि बाजारातून आणलेले मावळे. साताऱ्याला आमच्या गल्लीत दर दिवाळीला पाच-सहा किल्ले तरी असायचे. पायथ्याशी एखादी मोटार आणि वर सिंहासनावर महाराज, हेही चालायचं, आणि चालावंही. लहान मुलांच्या किल्ल्याला परीक्षक लागत नाही.

पण मूल जरा मोठं झालं, सातवी-आठवीत गेलं, की येत्या दिवाळीला त्याच्या शेजारी बसा. चिखलात हात घाला, नखं खराब झाली तरी चालतील. आणि बुरुजाला काळा रंग द्यायच्या आधी त्याला एवढंच विचारा, "बाळा, हा किल्ला कोणत्या सालातला?" उत्तर आलं, की मग रंग कालवायला घ्या.